बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा



भोर आणि वेल्हे (आताचे राजगड) तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांमध्ये 'शुगर' हा शब्द आता कुणाला नवा नाही. पूर्वी हा बसून खाणाऱ्यांचा, शेठ-सावकारांचा रोग समजला जाई. गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणाऱ्या बाईला, डोंगर चढून गवताचा भारा आणणाऱ्या माणसाला मधुमेह कसा होईल, असे लोक विचारत. ही समजूत खोटी ठरली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे दिसून आले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. त्यात असे आढळले की आपल्याकडची बाळे जन्मतः वजनाने कमी असतात, हातापायाने बारीक असतात, पण अंगातली चरबी त्या मानाने कमी नसते. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. म्हणजे आईच्या पोटात असताना झालेली उपासमारही या रोगाचे एक मूळ आहे. हा रोग गरिबाच्या घरीही येतो, आणि आला की वर्षानुवर्षे मुक्काम करतो.

गोळ्यांवर साखर आटोक्यात राहिली तर लोक निर्धास्त असतात. परंतु डॉक्टरांनी 'आता इन्शुलिन घ्यावे लागेल' असे म्हटले की घरात रडारड सुरू होते. "इन्शुलिन लागले म्हणजे आता शेवट आला", "एकदा सुई घेतली की तिची सवय लागते", ही दोन वाक्ये गावोगाव ऐकू येतात. ज्याला इन्शुलिन लागते तो मग ते लपवतो, टाळतो, अर्धे घेतो. आणि जो घेतो त्याला पुष्कळदा आपण कोणते इन्शुलिन घेतो हेच सांगता येत नाही. 'ती दुधासारखी बाटली', 'ते निळे पेन', एवढीच ओळख. यातूनच अनर्थ होतात. म्हणून आजच्या लेखात इन्शुलिनचे प्रकार नीट समजून घेऊ.

बाबासाहेबही इन्शुलिन घेत होते

'इन्शुलिन म्हणजे शेवट' असे म्हणणाऱ्याने आपल्याच इतिहासाकडे पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मधुमेही होते. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असतानाच त्यांची प्रकृती ढासळली होती. झोप लागत नसे, पायांच्या नसा दुखत, आणि ते इन्शुलिन घेत होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर यांच्याशी झाला. त्याच आपल्या माईसाहेब. त्या स्वतः डॉक्टर होत्या. बाबासाहेबांचे पथ्यपाणी आणि औषधोपचार त्यांनी सांभाळले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या त्यांच्या आत्मकथनात त्या आजारपणाची हकिकत आली आहे.

आता तारखा पाहा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीपुढे संविधानाचा मसुदा मांडला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ही सारी कामे मधुमेह अंगावर असलेल्या माणसाने केली. रोगाने त्यांना छळले, यात शंका नाही. पण इन्शुलिन सुरू झाले म्हणून त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली नाही.

त्या काळात इन्शुलिनचे प्रकार मोजके होते आणि ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढत. काचेची सिरिंज उकळून वापरावी लागे. आज आपल्याला एकदा वापरून टाकायच्या बारीक सुया मिळतात, पेन मिळते, बोटाच्या थेंबावर साखर मोजणारे यंत्र मिळते. म्हणजे आपली वाट त्यांच्यापेक्षा सोपी आहे.

इन्शुलिन कशासाठी?

पोटाच्या मागच्या बाजूला स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. ती इन्शुलिन तयार करते. आपण भात-भाकरी खाल्ली की तिची साखर होऊन रक्तात येते. ती साखर पेशींच्या आत जायला कुलूप उघडावे लागते, आणि इन्शुलिन ही त्याची किल्ली. किल्ली नसेल तर साखर रक्तातच फिरत राहते आणि डोळे, मूत्रपिंड, नसा व हृदय यांची नासधूस करते.

काही जणांत, विशेषतः लहान मुलांत व तरुणांत, स्वादुपिंड इन्शुलिन बनवणेच बंद करते. हा पहिल्या प्रकारचा मधुमेह. यात इन्शुलिनला पर्याय नाही. झाडपाला, अंगारा, बाबा-बुवा कशानेही ते काम होत नाही. अशा मुलाचे इन्शुलिन बंद केले तर काही दिवसांत, कधी काही तासांत, त्याला उलट्या होतात, पोट दुखते, श्वास खोल व जोरात चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो आणि मूल बेशुद्ध पडते. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन बनते, पण अपुरे पडते किंवा त्याचा उपयोग नीट होत नाही. यात गोळ्या चालतात. मात्र काही वर्षांनी स्वादुपिंड थकले, किंवा शस्त्रक्रिया, बाळंतपण, मोठा जंतुसंसर्ग असला की इन्शुलिन लागू शकते. यात 'सवय' लागण्याचा प्रश्न नाही. जे शरीरात कमी पडते तेच बाहेरून भरून द्यायचे आहे. विहिरीचे पाणी आटले म्हणून टँकर मागवला, तर त्याला कुणी पाण्याचे व्यसन म्हणत नाही.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्याआधी अशी मुले वाचतच नसत. ज्यांनी हे औषध शोधले त्यांनी त्याचे पेटंट विद्यापीठाला अवघ्या एका डॉलरला देऊन टाकले. १९८२ पासून सूक्ष्म जीवांकडून माणसाच्या इन्शुलिनसारखेच इन्शुलिन बनवून घेऊन ते बाजारात येऊ लागले. ते भारतातही बनते. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) वोक्हार्ट कंपनीने बनवलेले इन्शुलिन २००३ साली बाजारात आले.

इन्शुलिनचे प्रकार

इन्शुलिनचे प्रकार मुख्यतः तीन प्रश्नांवरून पडतात. ते किती वेळात काम सुरू करते? जोर केव्हा असतो? आणि किती तास टिकते? शेतातली कामे जशी वेळ पाहून करावी लागतात, तसेच हे आहे.

पहिला प्रकार : अतिजलद. लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही त्यांची नावे. दिसायला पाण्यासारखे स्वच्छ. १० ते १५ मिनिटांत काम सुरू होते, साधारण एक-दोन तासांत जोर येतो आणि ३ ते ५ तासांत संपते. ताट समोर आल्यावर, जेवणाच्या अगदी आधी घ्यायचे.

दुसरा प्रकार : साधे किंवा जलद. यालाच रेग्युलर म्हणतात, बाटलीवर 'आर' हे अक्षर असते. ॲक्ट्रॅपिड हे याच प्रकारचे. हेही पाण्यासारखे स्वच्छ. अर्ध्या तासाने काम सुरू, २ ते ४ तासांत जोर, ६ ते ८ तास परिणाम. म्हणून ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे लागते.

तिसरा प्रकार : मध्यम. याला एन. पी. एच. म्हणतात, बाटलीवर 'एन' असते. इन्सुलाटार्ड हे त्यातले. १९५० च्या सुमारास हे बाजारात आले. दिसायला दुधासारखे, खाली साका बसणारे. दीड-दोन तासांनी काम सुरू, ४ ते १० तासांच्या दरम्यान जोर, १२ ते १८ तास परिणाम. सकाळी घेतले तर दुपारी जोर येतो, रात्री घेतले तर मध्यरात्रीनंतर. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

चौथा प्रकार : दीर्घकाळ टिकणारे. ग्लार्जिन, डेटेमिर, डेग्लुडेक. स्वच्छ दिसते. याला मोठा चढउतार नसतो, दिवसभर मंद आचेसारखे काम चालते. ग्लार्जिन साधारण २४ तास, डेग्लुडेक त्याहूनही अधिक. बहुधा दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी घ्यायचे. हे दुसऱ्या कोणत्याही इन्शुलिनमध्ये मिसळू नये.

पाचवा प्रकार : मिश्र. आपल्याकडे सर्वांत जास्त चालणारे. ३०/७० असे लिहिलेले असते. मिक्सटार्ड, इन्सुजेन ३०/७० वगैरे नावे. यात ३० भाग जलद 'आर' आणि ७० भाग मध्यम 'एन'. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ जेवणाच्या अर्धा तास आधी घेतात. २५/७५ व ५०/५० अशीही मिश्रणे असतात. म्हणून नुसते 'मिक्स द्या' असे दुकानात सांगू नये. आकडा सांगावा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. स्वच्छ दिसणारी इन्शुलिन तीन निरनिराळ्या प्रकारची आहेत. एक चार तासांत संपते, दुसरे २४ तास चालते. केवळ रंगावरून ओळखू गेलात तर फसाल. नाव वाचलेच पाहिजे.

४० आणि १०० : खरा धोका येथे आहे

आता लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. घरातल्या सर्वांना एकत्र बसवून हा मोठ्याने वाचावा.

आपल्या देशात इन्शुलिन दोन ताकदींत मिळते. ज्या बाटल्या सर्रास मिळतात, त्या बहुतेक ४० ताकदीच्या. म्हणजे १ मिलिलिटर औषधात ४० युनिट. पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज (कांडी) मात्र १०० ताकदीची, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट. ग्लार्जिनसारख्या काही औषधांच्या बाटल्याही १०० च्या असतात. म्हणून 'बाटली आहे म्हणजे ४० चीच' असे धरून चालू नका. काही पेने तर २०० आणि ३०० ताकदीचीही निघाली आहेत.

सिरिंजही दोन तऱ्हेच्या. ४० च्या बाटलीसाठी ४० ची सिरिंज, तिचे टोपण तांबडे असते. १०० च्या बाटलीसाठी १०० ची सिरिंज, तिचे टोपण नारिंगी. वीज गेलेली असेल, डोळे अधू झालेले असतील, तर तांबडे आणि नारिंगी सारखेच दिसते. म्हणून टोपणाच्या रंगावर न जाता सिरिंजच्या नळीवर छापलेला आकडा वाचावा.

अदलाबदल झाली तर काय होते, ते हिशेबाने पाहू. डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत.

४० ची बाटली, ४० ची सिरिंज, २० च्या रेघेपर्यंत औषध भरले. २० युनिट गेले. बरोबर.

४० ची बाटली, पण दुकानदाराने १०० ची सिरिंज दिली. २० च्या रेघेपर्यंत भरले. गेले फक्त ८ युनिट. साखर चढत राहते. रोगी म्हणतो, इन्शुलिन घेऊनही गुण नाही. मग कुणीतरी डोस वाढवते, आणि पुढे योग्य सिरिंज हाती आली की वाढवलेला डोस पुरताच्या पुरता अंगात जातो.

१०० ची बाटली, पण ४० ची सिरिंज. २० च्या रेघेपर्यंत भरले. गेले ५० युनिट! अडीच पट. रात्री सगळे झोपल्यावर साखर एकदम खाली येते आणि माणूस सकाळी उठत नाही.

बाटली चांगली, सुई चांगली, डॉक्टरही चांगले. चूक फक्त दोन आकड्यांच्या मेळाची. म्हणून नियम एकच : बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एक असला तरच औषध भरायचे. पेनच्या कार्ट्रिजमधून साध्या सिरिंजने औषध कधीही ओढू नये. पेन बिघडले, सुई संपली, तरीही नाही.

हा प्रश्न अलीकडे जास्त महत्त्वाचा झाला आहे. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने २०२५ साली मिक्सटार्डच्या पेनची कार्ट्रिज भारतातून मागे घेण्याचे ठरवले. बाटली चालूच ठेवण्यात आली. त्यामुळे वर्षानुवर्षे पेन वापरणारे अनेक जण बाटलीवर येत आहेत. अशा वेळी दुकानदाराने समोर ठेवले ते घेऊन घरी येऊ नका. डॉक्टरांना विचारा : डोस तोच का? कोणत्या ताकदीची बाटली? कोणती सिरिंज? ही तीन उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्या.

टोचण्याची रीत

दुधाळ इन्शुलिन तळहातांमध्ये धरून दहा-वीस वेळा हळू घोळावे. जोरात हलवू नये, फेस येतो. 'आर' आणि 'एन' एकाच सिरिंजमध्ये घ्यायला सांगितले असेल तर आधी स्वच्छ, मग दुधाळ, हा क्रम मोडू नये. पोट आणि मांडी या जागा चांगल्या. पोटावर बेंबीपासून दोन बोटे दूर. रोज जागा थोडी बदलावी. एकाच जागी टोचत राहिले तर तेथे गाठ होते आणि औषध नीट शोषले जात नाही. पेनने घेतल्यावर दहा आकडे मोजूनच सुई काढावी. आपले पेन किंवा सिरिंज दुसऱ्या कुणालाही वापरायला देऊ नये, नवरा-बायकोने एकमेकांचेही वापरू नये. वापरलेली सुई उकिरड्यावर न टाकता पत्र्याच्या डब्यात जमवून दवाखान्यात नेऊन द्यावी. सफाईचे काम करणारे हातही आपल्याच माणसांचे असतात.

फ्रीज नसेल तर?

न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, म्हणजे फ्रीजच्या दारात किंवा खालच्या कप्प्यात ठेवतात. बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्शुलिन निकामी होते, ते वितळले तरी वापरू नये. वापरात असलेली बाटली घरातल्या थंड जागी साधारण चार आठवडे चालते. फोडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवावी.

केळद, घिसर किंवा हिरडोशी खोऱ्यातल्या गावांत पावसाळ्यात तारा तुटल्या की वीज बराच वेळ येत नाही. अनेक घरी फ्रीजही नाही. अशा घरांनी माठाचा उपयोग करावा. मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून तिच्यात लहान मडके बसवावे. बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून लहान मडक्यात ठेवावी, वर ओले फडके टाकावे, आणि वाळू ओली राहील असे पाहावे. उन्हाळ्यात चुलीजवळ, पत्र्याखाली, एस. टी.च्या खिडकीपाशी उन्हात इन्शुलिन ठेवू नये. स्वच्छ इन्शुलिन गढूळ झाले, किंवा दुधाळ इन्शुलिन घोळूनही गुठळ्या राहिल्या, तर ते टाकून द्यावे.

साखर कमी झाली तर

इन्शुलिन घेणाऱ्याच्या घरात प्रत्येकाला हे ठाऊक हवे. हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, कडकडून भूक, चिडचिड, बोलणे अडखळणे, ही साखर उतरल्याची लक्षणे. यंत्रावर ७० च्या खाली आकडा म्हणजे साखर कमी. दारू प्यालेला समजून अशा माणसाला हाकलून दिल्याचे प्रकार घडतात, तेव्हा सावध राहा.

लगेच तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच द्या. मग भाकरी-भात काहीतरी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

इन्शुलिन घेतले आणि जेवण चुकले, हे साखर उतरण्याचे सर्वांत मोठे कारण. लावणीच्या दिवसांत बाया सकाळी इन्शुलिन घेऊन खाचरात उतरतात आणि न्याहारी दुपारवर जाते. आठवते ना, सकाळच्या 'एन'चा जोर दुपारी असतो. त्यात कष्टाने साखर आणखी उतरते. अशा दिवशी इन्शुलिनआधी खाण्याची तयारी हवी, बांधावर भाकरी हवी आणि पदराला साखरेची पुडी हवी. शिरवळ किंवा खेड शिवापूरच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांनी डॉक्टरांना रात्रपाळीचे वेळापत्रक दाखवावे. जेवणाची वेळ बदलली की इन्शुलिनची वेळही बदलावी लागते. ती कशी बदलायची हे डॉक्टरांनी ठरवायचे, शेजाऱ्याने नव्हे.

वर्षावासात किंवा पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवणारे उपासक-उपासिका आपल्यात आहेत. संध्याकाळचे ३०/७० घेऊन रात्री उपाशी राहणे म्हणजे जिवाशी खेळ. विनयपिटकात आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे भगवान बुद्धांनी मान्य केली होती. आजाऱ्याला सूट देणे हे धम्माला धरूनच आहे. इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा दीक्षाभूमीला जातानाही इन्शुलिन, सिरिंज, साखर आणि दोन वेळची शिदोरी हातातल्या पिशवीत असावी. रांगेत किती तास जातील याचा भरवसा नसतो.

मिळते कोठे?

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत उपचार मोफत केले आहेत. भोरचे उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय येथे मधुमेहाची चौकशी करावी. केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत 'आर', मध्यम आणि ३०/७० ही इन्शुलिन आहेतच. २०२२ च्या यादीत ग्लार्जिनही आले. यादीतल्या औषधाच्या कमाल किमतीवर सरकारचे नियंत्रण असते. महागडे नवे इन्शुलिन परवडत नसेल तर गप्प बसून डोस अर्धा करू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "साहेब, हे झेपत नाही, ४० च्या बाटलीतले चालेल का?" पुष्कळांचे जुन्या, स्वस्त इन्शुलिनवर उत्तम भागते. यात लाजण्यासारखे काही नाही.

बाटली किती दिवस पुरेल हाही हिशेब घरी करावा. १० मिलिलिटरची ४० ताकदीची बाटली म्हणजे ४०० युनिट. रोज ३० युनिट लागत असतील तर १३ दिवस. पेनची ३ मिलिलिटरची कार्ट्रिज म्हणजे ३०० युनिट, ती १० दिवस. संपायच्या चार दिवस आधी दुसरी आणून ठेवावी. पावसात घाट बंद पडला, एस. टी. आली नाही, तर इन्शुलिन वाट पाहत नाही.

शेवटी एक विनंती. बाटलीवरचा मजकूर इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतो. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तो वाचता येत नाही, पण घरातली शाळकरी मुलगी वाचू शकते. ज्या घरी इन्शुलिन आहे, तेथे चार ओळी मोठ्या मराठी अक्षरांत लिहून भिंतीवर लावा : इन्शुलिनचे नाव, बाटलीची ताकद, सिरिंजचा आकडा, सकाळ-संध्याकाळचे युनिट. आणि महिला मंडळांनी एका रविवारी विहारात ४० ची आणि १०० ची अशा दोन सिरिंज शेजारी-शेजारी ठेवून सगळ्यांना दाखवाव्यात. एकदा डोळ्यांनी पाहिलेले माणूस विसरत नाही.

औषधाचा डोस मात्र हा लेख वाचून कुणीही बदलू नये. तो आपल्या डॉक्टरांनीच ठरवावा.

(पुढील अंकी : मधुमेहींनी पायांची निगा कशी राखावी)